भिडस्त मुलाला कबमध्ये घालावं का?

कुंडीतली_तुळस | ३० जून, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी,

लेक एप्रिलमध्ये सहा पूर्ण झाला, यंदा पहिलीत गेला. एकुलता एक. आम्ही सिंहगड रोडला राहतो. सोसायटी नवी, निम्म्या फ्लॅटांना अजून कुलपं. खाली खेळायला त्याच्या वयाचं एकच पोर आहे आणि त्या पोराचं आणि ह्याचं पटत नाही. शाळेत यंदा कब-बुलबुल (स्काऊट-गाईडमधलं लहान पोरांसाठीचं) सुरू केलंय, शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर. बाईंनी चिठ्ठी पाठवली, मी उत्साहात सही करून दिली. नवरा म्हणाला, त्याला विचारलंस का? नव्हतं विचारलं.

परवा पहिला शनिवार. पहिल्या दिवशी पालकांनी थांबलं तरी चालणार होतं. बावीस पोरं गोल करून उभी, मध्ये बाई, आणि आमचे चिरंजीव व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी, माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून. जाईचना. मी ओरडले नाही, ढकललं नाही, फक्त दोनदा म्हटलं, जा की रे. (दोनदा नाही, पाचसहादा. इथे कशाला खोटं बोलू.) पाऊण तास तो तसाच उभा आणि मी घामाघूम, कारण बाकीच्या आया बघत होत्या.

गंमत पुढेच आहे. घरी वरणभात खाताना त्याने अख्खा खेळ नियमांसकट सांगितला. कोण आधी आउट झालं, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला, बाईंनी शिट्टी एकदा लांब वाजवली की पुतळा व्हायचं आणि तीनदा वाजवली की पळत गोलात यायचं. पुढच्या शनिवारी जाशील का विचारलं तर म्हणाला, "बघायला जाईन."

तर असं आहे. पाठवत राहू की वर्षभर थांबू? कबमध्ये नक्की करतात काय? आमच्या शाळेत एनसीसी होतं, हे नव्हतं, त्यामुळे मला ओ की ठो माहीत नाही. ह्या वयाच्या मुलांसाठी दुसरं काही असेल तर तेही सांगा. क्लास नकोय. क्लास पुष्कळ आहेत. चार पोरं, एक मोठं माणूस आणि ठरलेली वेळ, असं काहीतरी हवंय.

---

तिखट_मिसळ | ३० जून, रात्री ११.०४

"बघायला जाईन." माझं ऑफिसातल्या मीटिंगांबद्दल अगदी हेच मत आहे.

---

उपटसुंभ | ३० जून, रात्री ११.३१

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही वाड्यात वाढलो. दप्तर टाकलं की बाहेर, दिवेलागणीला आत. कुणी गट केला नाही, कुणी शिट्टी वाजवली नाही. कुणाला घ्यायचं, कुणाला लिंबूटिंबू ठेवायचं, भांडण कसं मिटवायचं, हे सगळं आपलं आपण. आता खेळायलाही फॉर्म भरायचा आणि सही करायची! पोराला खाली सोडा. आठ दिवस रडेल, नवव्या दिवशी खेळेल.

---

कुंडीतली_तुळस | ३० जून, रात्री ११.४०

सोडलं असतं हो. खाली पार्किंग आहे. खेळायची जागा नकाशात होती, तिथे आता ट्रान्सफॉर्मर आहे.

---

खडू_फळा | १ जुलै, सकाळी ६.१५

तुळसताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत एकोणीस वर्षं लेडी कब मास्टर होते. (हो, पदाचं नाव असंच आहे. हसून घ्या एकदा.) त्यामुळे जरा लांबण लावणार.

आपल्याकडचं काम भारत स्काऊट्स आणि गाईड्सचं. आधी देशात वेगवेगळ्या स्काऊट संघटना होत्या, त्या ७ नोव्हेंबर १९५० ला एक झाल्या. गाईडवाल्या मुली पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला त्यात आल्या. तुमच्या मुलाच्या वयाचे मुलगे म्हणजे कब, मुली म्हणजे बुलबुल. दहाच्या पुढे स्काऊट आणि गाईड. कबांचं सगळं जंगल. मोगली, शेरखान, आणि मास्टरला म्हणायचं अकेला. बुलबुलांची ताराची गोष्ट असते. पथकाचे सहा-सहा पोरांचे गट पाडतात आणि गटाच्या म्होरक्याला सिक्सर म्हणतात. क्रिकेटवेड्या पोरांना निव्वळ ह्या नावासाठी म्होरक्या व्हायचं असतं.

शिकवतात काय? खरं सांगायचं तर फार काही नाही, आणि तेच चांगलं आहे. आधी प्रवेश, मग प्रथम चरण, द्वितीय चरण अशा पायऱ्या. बुलबुलांच्या पायऱ्यांची नावं मला जास्त आवडायची : कोमल पंख, रजत पंख. नखं कापलेली आहेत का, बुटाची नाडी स्वतः बांधता येते का, घराचा पत्ता सांगता येतो का, दोन गाठी, थोडी गाणी, पुष्कळ खेळ. नियम दोनच : मोठ्यांचा मान राखायचा आणि स्वच्छ, विनयशील राहायचं. शिवाय रोज एक सत्कृत्य. ते वहीत लिहायला लावायचो. माझ्या एका कबने सलग चार दिवस लिहिलं होतं, "आज आजीला त्रास दिला नाही." पाचव्या दिवशी पान कोरं. मी काही विचारलं नाही.

आता टाकीपाशी उभ्या मुलाचं. एकोणीस वर्षांत एकही वर्ष असं गेलं नाही की असं एक पोर नव्हतं. मी त्याला खेळायला बोलवायचेच नाही. त्याच्या हातात काहीतरी द्यायचे. दोरीचं बंडल धर. आउट झालेल्यांना ह्या रेघेच्या मागे बसव. मला शिट्टी आणून दे. "ये, खेळ" म्हटलं की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात, आणि तेच तर त्याला नको असतं. कामाला बोलावलं की पोर येतं. तुमच्या बाईंना सांगून बघा, नव्या असतील तर त्यांनाही बरं वाटेल.

आणि ताई, तुम्ही तिथे थांबू नका. शाळेच्या फाटकाबाहेर चहाची टपरी असेलच.

गणवेशाची घाई करू नका. स्कार्फ दीक्षाविधीत मिळतो, आधी मिळत नाही. तोवर आहे त्या शाळेच्या कपड्यांत चालतं. दुकानदार सगळा संच गळ्यात मारायला बघतात.

एका गोष्टीपासून मात्र सावध. "खरी कमाई." पोरांनी स्वतः श्रम करून दोन पैसे मिळवायचे, ही मूळ कल्पना छानच आहे. प्रत्यक्षात काय होतं, तर आई पहाटे पाचला उठून चाळीस प्लेट भेळेची चटणी वाटते, बाबा टेबल वाहतात, आणि पोरं एकमेकांची भेळ विकत घेऊन खातात. कमाई खरी, पण कुणाची ते विचारू नका. आमच्याकडे मी कबांना फक्त लिंबू सरबत करू द्यायचे. लिंबं पिळायची ती पण त्यांनीच. बियांसकट.

---

तिखट_मिसळ | १ जुलै, सकाळी ९.२०

फळाबाई, बियांसकट सरबत मी पाच रुपयांना प्यायलोय. खरी कमाई खरंच खरी होती म्हणायची.

---

टेम्सकाठची | १ जुलै, दुपारी २.४७

आम्ही इंग्लंडात, रेडिंगला. लेक साडेसात वर्षांची, बीव्हर्समध्ये जाते. इथे मुलगे-मुली एकत्रच. सहा ते आठ बीव्हर, मग साडेदहापर्यंत कब, मग स्काऊट. २०२१ पासून चार वर्षांच्या मुलांसाठीही स्क्विरल्स नावाचा विभाग काढलाय. नाव प्रतीक्षायादीत घालून आम्ही दीड वर्ष थांबलो. शेवटी नंबर कसा लागला? त्यांच्याकडे पोरं ढीगभर, मोठी माणसं नाहीत. नवऱ्याने "मी दर पंधरा दिवसांनी मदतीला येईन" म्हणून कळवलं आणि आठवड्यात जागा निघाली. तुमच्याकडेही हेच असणार. बाईंना मदत लागते का विचारा. स्वतःच्या मुलाच्या गटात मात्र उभं राहू नका, नोंदी आणि चहापाणी सांभाळा.

मला धाकधूक होती ती शपथेची. बीव्हरच्या शपथेत देवावर प्रेम करीन असं आहे. म्हटलं, कुठला देव, चर्चमध्ये नेतात की काय. बाईंनी शांतपणे सांगितलं की वेगवेगळ्या धर्मांसाठी शब्द बदलता येतात आणि देव न मानणाऱ्यांसाठीही २०१४ पासून वेगळी शपथ आहे. लेकीने घरी विचारलं, "आपला देव कुठला?" नवरा म्हणाला, विठोबा. ती खूश, कारण त्याच्या हातात काही शस्त्र नसतं.

आणखी एक. शेकोटीच्या दिवशी मार्शमेलो भाजायचे होते. इथल्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, आम्ही शाकाहारी. मी गुपचूप चिठ्ठी पाठवली की ती खाणार नाही, एवढंच. शेकोटीपाशी गेले तर वेगळं पाकीट, वेगळ्या काड्या, आणि दुसऱ्या टोकाला तीन पोरं तिच्याबरोबर तेच खात होती, एकटीला वेगळं वाटू नये म्हणून. परदेशात सात वर्षं काढून मला ज्या दोनचार वेळा रडू आलं त्यातली ही एक.

भिडस्तपणाचं म्हणाल तर ती पहिले सहा आठवडे एक शब्द बोलली नाही. सहा. मी मोजत होते. ती बहुधा नव्हती मोजत.

---

पावणेदोन | १ जुलै, संध्या. ७.०५

न्यू जर्सीतून. आमच्याकडे कब स्काऊट्समध्ये पाइनवुड डर्बी असते, १९५३ पासून चालू आहे. पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा, चार प्लॅस्टिकची चाकं, आसाच्या जागी चार खिळे. ह्यातून गाडी करायची आणि उतारावर सोडायची. वजन पाच औंसाच्या वर नको. पोराने करायची, बापाने मदत करायची.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. खिळे बारीक पॉलिश पेपरने घासले, ग्रॅफाइटची पूड लावली, शिसं मागच्या बाजूला किती ठेवायचं ह्याचं गणित मांडलं. रात्री दीडपर्यंत गॅरेजमध्ये. आमची गाडी दुसरी आली. मी टाळ्या वाजवतोय आणि पोरगा मित्राला सांगतोय, "ती निळी ना, ती बाबाची आहे. माझी घरी आहे." घरी त्याने उरलेल्या लाकडाला बाटलीची बुचं लावून एक केली होती, कडेला वाकडं नाव लिहिलेली. मला पत्ताच नव्हता.

म्हणून तुळसताई, सही करताना त्याला विचारलं नाही हे तुम्ही इथे लिहिलंत, ते बरं केलंत. आपण कशाकशात आपली हौस घालतो ते आपल्याला उशिरा कळतं.

---

शंकेखोर | १ जुलै, रात्री ९.१२

सगळं ठीक. पण असल्या प्रत्येक गटामागे कुणाचा ना कुणाचा विचार असतो. शाखेचा असतो, सेवा दलाचा असतो, चर्चचा असतो, बुवा-बाबांच्या बालसंस्कार वर्गांचा तर असतोच असतो. सहा वर्षांच्या पोराला काय कळतंय? आधी मूल कुणाच्या हाती देतोय ते बघा.

---

दापोलीकर_आजोबा | १ जुलै, रात्री ९.५८

शंकेखोर, तुमचा मुद्दा रास्त. पण विचार नसलेला गट मी तरी पाहिला नाही. तो लपवलेला आहे की दारावर लिहिलेला आहे, एवढंच बघावं.

मी सेवा दलात वाढलो. राष्ट्र सेवा दल ४ जून १९४१ चं, पहिले दलप्रमुख एस. एम. जोशी. आम्ही गेलो तेव्हा ते दिवस मागे पडले होते, पण संध्याकाळची शाखा होती. झेंडा, खेळ, समूहगान, आणि शेवटी सगळ्यांनी गोल बसून थोडं बोलायचं. मला जात कळायच्या आधी हे कळलं की आमच्या ओळीत कोण कुठल्या आळीतला आहे हे विचारायचं नसतं. हा विचारच होता आणि तो उघड होता. माझ्या वडिलांना तो पटला नसता तर त्यांनी मला पाठवलं नसतं.

त्याआधी, अगदी लहान असताना, शाळेत साने गुरुजी कथामाला होती. गुरुजी १९५० साली गेल्यावर प्रकाशभाई मोहाडीकरांनी ती चळवळ उभी केली. आमच्याकडे दर शनिवारी एक मास्तर गोष्ट सांगत. बाकी काही नाही. मी फार लाजाळू होतो, अडखळत बोलायचो. गोष्टीत मुलांनी बोलायचं नसतं, फक्त ऐकायचं. त्यामुळे मला तो शनिवार सोपा वाटायचा. वर्षाच्या शेवटी मास्तर म्हणाले, आता तुमच्यापैकी कुणीतरी सांगा. मी हात वर केला. का केला, अजून कळलेलं नाही. अर्धी गोष्ट सांगून विसरलो, मग वर्गानेच पुरी केली.

तुळसताई, तुमच्या घरापासून दांडेकर पुलाजवळचं साने गुरुजी स्मारक लांब नाही. तिथे सध्या लहान मुलांसाठी काय काय चालतं, एकदा जाऊन चौकशी करून या.

---

काळा_कोट | २ जुलै, सकाळी ११.३०

विचार-बिचार नंतर. आधी संडास कुठे आहे आणि तिथे पोरांबरोबर कोण जातं, हे बघा. हसू नका. मी ह्या विषयातल्या केसेस बघते.

एका मोठ्या माणसाबरोबर एकटं मूल बंद खोलीत राहणार नाही, हा साधा नियम गटात आहे का? एक बाई आजारी पडली तर दुसरी कोण? आपल्या मुलाला न्यायला तिसरंच कुणी आलं तर सोडतात का? फोटो कुठे टाकतात? हे विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघा. चांगला माणूस सरळ उत्तर देतो, नाहीतर "हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, करू या" म्हणतो. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं म्हणाला तर घरी या.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि तो फक्त गुन्हेगारापुरता नाही. असा प्रकार ज्याला कळला त्याने तो कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, संस्थेची बदनामी होईल म्हणून दाबता येत नाही. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे, मुलांना पाठ करून घ्या. घराच्या पत्त्याबरोबर हेही प्रथम चरणात घालायला हवं, फळाबाई.

---

खडू_फळा | २ जुलै, दुपारी १२.०५

घालायला हवं. अगदी मान्य.

---

सारसबागवाली | २ जुलै, दुपारी ४.२०

शाळेचंच हवं असा हट्ट नसेल तर सारसबागेजवळचं गरवारे बालभवन बघा. १९८५ पासून आहे, शोभाताई भागवतांनी उभं केलं. माझी दोन्ही मुलं तिथली. माती, रंग, गाणी, मैदान, आणि मुलांशी मुलांसारखं न बोलता माणसासारखं बोलणाऱ्या ताया. स्पर्धा नाहीत, बक्षिसं नाहीत. माझ्या सासूबाई पहिल्या महिन्यात रोज विचारायच्या, "आज काय शिकवलं?" आणि धाकटा रोज सांगायचा, "काही नाही, चिखल." गणवेश दिवसातून दोनदा धुवावा लागायचा एवढी एकच तक्रार.

ह्याउलट मोठ्याला एकदा उन्हाळ्यात एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात घातलं होतं. नाव सांगत नाही. आठ दिवस, रोज दोन तास. रोजचे साठ-सत्तर फोटो व्हॉट्सॲपवर. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला मेडल आणि "उत्कृष्ट नेतृत्व" असं प्रमाणपत्र. चाळीस पोरं, चाळीस नेते. घरी आल्यावर विचारलं, मित्रांची नावं काय? एकाचंही सांगता आलं नाही. मला तेव्हापासून ही एकच परीक्षा पुरते. महिन्याने मुलाला विचारायचं, तिथल्या तीन पोरांची नावं सांग.

---

उपटसुंभ | २ जुलै, रात्री १०.१५

नावांचा मुद्दा पटला. वाड्यातल्या सगळ्यांची अजून पाठ आहेत, टोपणनावांसकट. ट्रान्सफॉर्मरचं वाचून वाईट वाटलं. बिल्डरला सोडू नका.

---

कुंडीतली_तुळस | २७ जुलै, रात्री ९.३३

एवढ्या जणांनी एवढं लिहिलंत आणि मी गायब झाले, माफ करा. हिशेब देते.

५ तारखेला शाळेची आषाढीची दिंडी निघाली, कब झालंच नाही. १२ ला पावसाने हॉलमध्ये. बाईंना आधीच गाठून फळाबाईंचं सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मला तर वाटत होतं मुलाला मीच आवडत नाही. केवढी तरुण आहे ती पोरगी! पहिलंच वर्ष. काळ्या कोटाचे प्रश्नही विचारले, घाबरत घाबरत. तिने लगेच वही काढली आणि न्यायला कोण कोण येणार त्यांची नावं लिहून घ्यायला सुरुवात केली, सगळ्या पालकांची. संडासाच्या दारात आता शाळेच्या मावशी बसतात.

लेकाला काम मिळालं, आउट झालेल्यांना बाकावर बसवायचं. मी फाटकाबाहेर टपरीवर. (चहा वाईट आहे.) घरी आल्यावर म्हणाला, "दोन जण उठून परत जात होते, मी जाऊ दिलं नाही." आवाजात एवढी जरब मी आधी कधी ऐकली नव्हती.

१९ ला मात्र गेलाच नाही. सकाळीच सांगितलं, आज नको. पोट दुखतं म्हणाला असता तर मी ओढत नेलं असतं, पण त्याने काही कारणच दिलं नाही, नुसतं आज नको. नवरा म्हणाला, राहू दे. मी दुपारभर धुसफुसत. पावणेदोन, तुमची बुचांची गाडी आठवत होते आणि तरी धुसफुसत होते.

काल गेला. काल त्यांनी एक खेळ घेतला. ताटात सोळा वस्तू मांडायच्या, मिनिटभर बघायच्या, मग वर फडकं टाकायचं आणि काय काय होतं ते गटाने आठवून सांगायचं. बाईंनी मला नंतर सांगितलं, ह्याने तोंड उघडलं नाही. पण शेजारी चौथीतला सिक्सर बसला होता, त्याच्या कानात एकेक वस्तू सांगत होता आणि तो ओरडत होता. तेरा आल्या. घरी आल्यावर उरलेल्या तीन मला सांगितल्या : खोडरबर, लवंग, आणि बाईंच्या स्कूटीची किल्ली. "मग तिथे का नाही सांगितल्यास?" "तेरा झाल्यावर आम्ही जिंकलो होतो ना."

---

टेम्सकाठची | २७ जुलै, रात्री १०.४०

लवंग!

---

खडू_फळा | २८ जुलै, सकाळी ६.०२

त्या बाईंना सांगा, सोळा वस्तू पहिलीच्या पोरांना जास्त होतात, दहा पुरेत. आणि तो सिक्सर चांगला आहे. दुसरा असता तर "हे मला आठवलं" म्हणाला असता.

---

सारसबागवाली | २८ जुलै, दुपारी १.१५

तीन नावं विचारलीत का?

---

कुंडीतली_तुळस | २८ जुलै, दुपारी १.५०

विचारली. सिक्सरचं पूर्ण नाव, वर्ग आणि तुकडीसकट. दुसऱ्याचं "तो ज्याचा दात हलतो". तिसरं मावशींचं.

---

तिखट_मिसळ | २८ जुलै, दुपारी २.०१

मावशी धरा. मावशी सगळ्यात भरवशाच्या.

---

कुंडीतली_तुळस | २४ ऑगस्ट, रात्री ८.४४

परत मीच. काल दीक्षाविधी झाला. पालकांना बोलावलं होतं. पोरं एकेक करून पुढे आली, शपथ, मग स्कार्फ, मग डाव्या हाताने हस्तांदोलन. आमच्याने शपथ म्हटली असावी, ओठ हलताना दिसले. पहिल्या रांगेलाही ऐकू गेली नाही. बाईंनी मान हलवली, म्हणजे त्यांना ऐकू आली असेल. परत जागेवर जाताना हलत्या दाताच्या मुलाला (दात पडलाय आता) कोपराने ढोसलं, त्याने परत ढोसलं, आणि दोघांना बाईंचे डोळे.

त्याने उजवा हात पुढे केला होता आधी. सिक्सरने मागून डावा ओढला.

आज सकाळी एक गाठ माझ्या ओढणीला मारून ठेवलीय, सोडवता येत नाहीये. फळाबाई, उजव्यावर डावं आणि डाव्यावर उजवं ते मला माहितीये. त्याने दोन्ही वेळा उजवंच केलंय बहुतेक.

आणि एक अडचण. स्कार्फला लावायचं ते वॉगल कालच रिक्षात हरवलं. गणवेशाच्या दुकानात सुटं देत नाहीत, पूर्ण संच घ्या म्हणतात. शनिवारच्या आत हवंय. कुठे मिळेल?

---

उपटसुंभ | २४ ऑगस्ट, रात्री ९.०६

दुकानात कशाला जाता? जुना चामड्याचा पट्टा असेल नवऱ्याचा. चार बोटं तुकडा कापायचा, गोल करून चपलेवाल्याकडून दोन टाके मारून घ्यायचे. दहा मिनिटांचं काम. मी स्काऊटमध्ये असताना तेच वापरलं, तीन वर्षं टिकलं.

---

तिखट_मिसळ | २४ ऑगस्ट, रात्री ९.०९

उपटसुंभ!! तुम्ही स्काऊटमध्ये होतात??

---

उपटसुंभ | २४ ऑगस्ट, रात्री ९.३०

वाड्यासमोरच्या शाळेत होतं. नुसतं बघायला जायचो.